ब्रँडची गोळी, मेडिक्लेमची कात्री आणि डॉक्टरांची एक ओळ

(टेबलावर औषधाच्या दोन पट्ट्या, डिस्चार्ज कार्ड, बिलांची चळत.)

नमस्कार मंडळी. आज आधी ह्या दोन पट्ट्या पाहा. (कॅमेऱ्याजवळ धरते.) दोन्हींवर मोठ्या अक्षरात एकच नाव आहे, फेनिटोइन सोडियम, १०० मिलिग्रॅम. त्याखाली लहान अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव, ते मात्र दोन्हींवर वेगळं. २०१८ पासून तसा नियमच आहे, औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापायचं. मोठं नाव म्हणजे औषध, लहान नाव म्हणजे कंपनीचा शिक्का. आजचा सगळा विषय ह्या लहान नावाचा आहे.

माझा धाकटा भाऊ आर्णीहून यवतमाळला येत असताना गाडीवरून पडला. डोक्याला मार, नागपूरला ऑपरेशन, आणि त्यानंतर झटके सुरू झाले. फिट्स. दोन औषधं लागली, त्यातलं एक हे. डिस्चार्जच्या दिवशी मोठे डॉक्टर राऊंडला आले आणि जाता जाता म्हणाले, "ह्या गोळीची कंपनी बदलू नका बरं का." आम्ही मान हलवली. डिस्चार्ज कार्डावर मात्र नुसतं लिहिलं होतं, फेनिटोइन १००, दिवसातून तीनदा.

गावी आलो. पट्टी संपली. तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, औषध तेच आहे, कंपनी फक्त दुसरी. ते आज नाही आलं." पाऊस सुरू होता, परत चक्कर मारायची सोय नव्हती. मी घेऊन आले. दहा-बारा दिवसांनी भाऊ सकाळी अंगणात निघाला आणि खांब धरून उभा राहिला. "ताई, मले जमीन हाल्ल्यावानी वाटते व." बोलणं जड, नजर ठरत नव्हती. रक्तात ह्या औषधाची पातळी साधारण दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावी लागते. त्याची निघाली २७.

डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असू शकतात, पण आता एकच कंपनी धरून ठेवा. त्यांचं हे वाक्य मी जसंच्या तसं सांगते आहे, कारण स्वस्त औषध म्हणजे खोटं औषध असं मला कोणाच्याही डोक्यात घालायचं नाही. आमच्या आईची बीपीची गोळी जनऔषधी केंद्रातूनच येते आणि तिचं बीपी बरोबर राहतं. तिथला भाव ठरवण्याची पद्धतच अशी आहे, की बाजारातल्या वरच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याच्या वर तो जात नाही. बीपी, साखर, ॲसिडिटी, ह्यांच्या बहुतेक गोळ्यांसाठी ब्रँडचा हट्ट धरून विमा कंपनीशी भांडण्यात मला अर्थ दिसत नाही. तिथं डॉक्टरांना विचारा आणि जेनेरिक, म्हणजे मूळ नावानं मिळणारं स्वस्त औषध घ्या, घरात चार पैसे राहतील.

पण काही औषधं हळवी असतात. त्यांची मात्रा जरा कमी झाली तर रोग उसळतो, जरा वाढली तर औषधच बाधतं. फिट्सचं फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, मनाच्या आजारावरचं लिथियम, थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस, ही त्यातली. फेनिटोइनचं तर असं आहे, की यकृत ते एका मर्यादेपर्यंतच निपटवू शकतं. शेततळं काठोकाठ भरलं की नंतरची एक सरसुद्धा काठावरून वाहते ना, तसं. गोळीतून थोडंसं जास्त औषध अंगात गेलं, की रक्तातली पातळी एकदम वर जाते.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरात १९६८ च्या सुमारास हेच झालं होतं. फेनिटोइनच्या कॅप्सूलमध्ये औषध तितकंच होतं, बदलली होती ती फक्त त्यातली भरती, म्हणजे औषधासोबत कॅप्सूल भरायला घालतात ती पूड. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, त्याच्या जागी लॅक्टोज आलं. आधीची भरती औषध अडवून धरत होती, नवी तसं करत नव्हती. डोस तोच असून कितीतरी रुग्णांना औषध बाधलं. एरवी दोन कंपन्यांची गोळी सारखी मानताना औषध रक्तात पोहोचण्याच्या मापात ८० ते १२५ टक्क्यांची चौकट पाहतात. बहुतेक औषधांना तेवढी ढील चालते. ह्या हळव्या औषधांना ती महागात पडू शकते.

म्हणून ह्या औषधांपुरतं माझं म्हणणं "ब्रँडच पाहिजे" असं नाही, "बदलू नका" असं आहे. जेनेरिकवर सुरुवात झाली असेल आणि पातळी बरोबर असेल तर तेच चालू ठेवा. फक्त पट्टीच्या मागे बनवणाऱ्या कंपनीचं नाव दर वेळी वाचा. जनऔषधीचा माल निविदा काढून घेतलेला असतो, त्यामुळे वर नाव एकच असलं तरी बनवणारा बदललेला असू शकतो.

आता पैशाचं. साठ दिवसांची बिलं आम्ही मेडिक्लेमला पाठवली, ७,३१५ रुपयांची. त्यातले २,६४० कापले. बाबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. "काहून कापले? औषध तं डॉक्टरनंच सांगतलं होतं ना?" बोंडं लागायच्या दिवसांत २,६४० रुपये म्हणजे एक फवारणी निघते, त्यांचा जीव तिथंच अडकला होता. पत्रात कारणं दोन. बिल चिठ्ठीशी जुळत नाही. आणि दर "वाजवी व प्रचलित" नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. विमा ब्रँड नाकारतो म्हणून जे व्हिडिओ तुम्ही पाहता, ते बहुतेक अमेरिकेचे असतात. तिथं विमा कंपनीची औषधांची ठरलेली यादी असते, महाग ब्रँडला आधी मंजुरी घ्यावी लागते. आपल्या साध्या मेडिक्लेममध्ये अशी यादी नसते. आपल्याकडे पैसे मिळतात ते दवाखान्यात भरती झाल्याचे, आणि त्याच आजारासाठी भरतीच्या आधीचे आणि नंतरचे ठरावीक दिवस. बऱ्याच पॉलिसींत आधीचे ३०, नंतरचे ६०, काहींत जास्त. तुमचे किती, ते पॉलिसीसोबतच्या ग्राहक माहिती पत्रकात असतं. ते मराठीतून मागता येतं, मागा. (फुले जनआरोग्य योजनेचं गणित वेगळं आहे. तिथं औषध पॅकेजमध्येच धरलेलं असतं, आपल्याला ब्रँड निवडता येत नाही. आज मी मेडिक्लेमचंच बोलते आहे.)

म्हणजे आपल्याकडे "ब्रँड चालत नाही" असं सहसा कोणी लिहून देत नाही. कात्री लागते ती कागदावर. कार्डावर मूळ नाव आणि बिलावर ब्रँड, किंवा कार्डावर एक ब्रँड आणि बिलावर दुसरा. कार्डावर मूळ नाव एकटं असेल, तर कोणती कंपनी द्यायची हे दुकानदार ठरवतो, आणि महाग का घेतली ह्याचं उत्तर आपल्याजवळ नसतं.

आणि हे लक्षात ठेवाच. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल आणि औषध शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतलं असेल, तर दुकानदाराला स्वतःच्या मनानं दुसरं देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरीसुद्धा. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५, पोटनियम ११ अ. मी हे त्या मेडिकलवाल्याला दोष द्यायला सांगत नाही. आमच्या कार्डावर ब्रँड नव्हताच, त्यानं नियम मोडला नाही. चूक आमची, आम्ही लिहून घेतलं नाही.

(डिस्चार्ज कार्ड उचलते.)

तर लिहून कधी घ्यायचं? डिस्चार्जच्या सकाळी. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचा आहे. कार्ड बनवतात ज्युनियर डॉक्टर. मोठे डॉक्टर राऊंडला दोन मिनिटं येतात. आपली माणसं तेव्हा हात जोडून बाजूला उभी राहतात, डॉक्टरांना त्रास नको म्हणून. आणि मग एका ओळीसाठी यवतमाळहून नागपूरची चक्कर होते, दिडशे किलोमीटर जायचं, तितकंच यायचं, दिवसाची मजुरी बुडते आणि पुन्हा बाहेर तीन तास बसावं लागतं. त्यापेक्षा तिथंच बोला: "डॉक्टरसाहेब, ह्यातली कोणती गोळी कंपनी न बदलता घ्यायची? तेवढं कार्डावर कारणासहित लिहून द्या, विम्याला लागते." मी सांगते, बहुतेक डॉक्टर देतात. त्यांना मागितल्याशिवाय आठवत नाही, इतकंच.

डॉक्टर कधी म्हणतात, आम्हाला जेनेरिक नावच लिहायचं असतं. बरोबर आहे, वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ पासून तसं आहे, मूळ नाव स्पष्ट लिहायचं. त्यांना म्हणा, मूळ नाव लिहाच, शेजारी कंसात ब्रँड लिहा. आमच्या डॉक्टरांनी नंतर दिलेली ओळ वाचून दाखवते:

"रुग्णास मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर झटक्यांसाठी फेनिटोइन सुरू आहे. कंपनी बदलल्यानंतर रक्तातील पातळी वाढून त्रास झाला. अहवाल सोबत जोडला आहे. वैद्यकीय कारणास्तव खालील ब्रँडच द्यावा, बदलू नये."

खाली ब्रँडचं नाव, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. ह्यात "वैद्यकीय कारणास्तव" हे दोन शब्द सगळ्यात वजनदार आहेत. पॉलिसीत व्याख्याच असते, उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असला पाहिजे. आवश्यक काय, ते डॉक्टर सांगतात. तुम्ही-आम्ही कितीही पोटतिडकीनं अर्ज लिहिला, तरी त्या ओळीची जागा तो घेत नाही.

बिलाचं थोडक्यात. पक्कं बिल, त्यावर रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, आणि चिठ्ठीवरचाच ब्रँड. चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची. गोळ्या पंधरा दिवसांच्या उरल्या की दुकानात सांगून ठेवायचं, म्हणजे माझ्यासारखं पावसात दुसरी पट्टी घ्यायची वेळ येत नाही.

आणि "वाजवी व प्रचलित दर" म्हणून कापलं तर? व्याख्या वाचा. त्या भागात तशाच सेवेचा किंवा वस्तूचा जो दर चालतो, तो. आता एका ब्रँडची छापील किंमत आर्णीतही तीच, नागपुरातही तीच. फेनिटोइन तर आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीची कमाल मर्यादा सरकारच ठरवतं. जी किंमत सरकारी मर्यादेच्या आत आहे आणि पट्टीवर छापलेली आहे, ती अवाजवी कशी? आम्ही हेच लिहिलं, पट्टीचा फोटो जोडला.

पत्र मोघम आलं तर गप्प बसू नका. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानं कंपन्यांना बांधून टाकलं आहे: पैसे कापले तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते सविस्तर कळवायचं, आणि पूर्ण दावा नाकारायचा असेल तर तीनजणांच्या समितीची मंजुरी लागते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. सोबत इर्डाईचं तक्रारीचं बिमा भरोसा पोर्टल, नाहीतर १५५२५५ वर फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जायचं. विदर्भाची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात, आणि पुण्याचं नाव ऐकलं की लोक फाईल बंद करतात. करू नका. तक्रार ऑनलाइन देता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. नियमांत २०२१ साली तशी सोय झाली आहे.

आम्हाला लोकपालांपर्यंत जावं लागलं नाही. डॉक्टरांची ओळ, रक्ताचा अहवाल आणि अर्ज गेल्यावर २,६४० पैकी २,१८० परत आले. उरलेले ४६० टॉनिकचे होते, जे चिठ्ठीत नव्हतं, दुकानदाराच्या सांगण्यावरून मी घेतलं होतं. जीवनसत्त्वं आणि टॉनिक भरतीच्या उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहिले असतील तरच मिळतात. ते कापले ते बरोबरच कापले.

साठ दिवस केव्हाच संपले. आता गोळ्यांचे पैसे आमच्याच खिशातून जातात, आमच्या पॉलिसीत ओपीडीचा, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च नाही आणि फिट्सचं औषध वर्षानुवर्षं चालतं. ह्यावर माझ्याकडे तोड नाही, नूतनीकरणाच्या वेळी ओपीडीच्या जोडणीचा हप्ता आणि वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहणार आहे. ते आकडे हाती आले की तुमच्यासमोर ठेवीन.

भाऊ आता बरा आहे. स्वतःच औषध आणतो. घरी आला की पिशवीतून आधी पट्टी काढतो, आईनं कॅलेंडरच्या कडेला पेनानं लिहिलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर लावून पाहतो, आणि मगच डब्यात ठेवतो.