पाठमोरं चित्र

(पडद्यावर: भिंतीला टेकवलेली, पाठमोरी चौकट)

कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात हे चित्र आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी घाईत उलटं ठेवून गेलंय. चौकटीचं कच्चं लाकूड, आतल्या पट्ट्या, खिळे, कॅनव्हासचं मळकट कापड, त्यावर डकवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा, ३६. सुलटं करून बघावं म्हणून हात पुढे होतो. उलटवलंत तर मागे पुन्हा पाठच. ती मात्र खरी.

समोर दिसलं ते सगळं तैलरंगात रंगवलेलं.

कॉर्नेलिस हाइस्ब्रेख्ट्स. हा अँटवर्पचा चित्रकार १६६८ ते १६७२ डेन्मार्कच्या राजदरबारी होता. हे चित्र १६७० चं. नजरेला चकवणाऱ्या अशा चित्रांना फ्रेंच नाव आहे, 'त्रोंप लॉय'. दरबारी चित्रकाराकडे रंगवायला सोन्याचांदीची भांडी होती, फळंफुलं होती. त्याने निवडली चित्राची पाठ! मला ही निवडच सगळ्यात धाडसी वाटते.

आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. खोल देखावा कितीही हुबेहूब काढा, आपण मान जराशी हलवली की तो सपाट असल्याचं कळतं. चिठ्ठी, खिळा, लाकडी पट्टी यांची जाडी मुळातच बोटभर. तिथे डोळ्याला चूक पकडायला जागाच उरत नाही.

(पडद्यावर: चित्रकाराचा हात, अगदी जवळून)

असा एक खिळा रंगवायचा तर? गडद तपकिरी ठिपका. उजेडाच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढा फिकट रंग. दुसऱ्या अंगाला सावली, आणि खरी परीक्षा इथेच. सावली नुसती काळी भरली की लाकडाला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून रंग तेलात पातळ करायचा, सावलीतूनही लाकडाच्या रेषा दिसू द्यायच्या. खिळ्याजवळ सावलीची कड धारदार, पुढे विरत गेलेली. जवसाच्या तेलातला रंग सावकाश वाळतो. तो ओला असतानाच कोरड्या ब्रशने कड हलकेच मऊ करायची. ब्रशचा उंचवटा कुठे राहता कामा नये. खोलीतला खरा उजेड त्याच्यावर पडला की बिंग फुटलंच.

(पडद्यावर: इझल)

याच संग्रहालयात त्याचं आणखी एक काम आहे. फळी इझलच्या, म्हणजे चित्र उभं ठेवायच्या लाकडी तिकाटण्याच्या, आकारात कापून तिच्यावर रंगवलेलं अख्खं इझल, त्यावर फळांचं चित्र. इझलच्या पायाशी अजून एक चित्र टेकवलेलं दिसतं.

तेही पाठमोरं.