यवतेश्वर घाटातून रात्रीचा सातारा

समर्थ मंदिराचा चौक मागे पडतो, बोगद्याची वाट डावीकडे राहते आणि कासचा रस्ता चढणीला लागतो. हा यवतेश्वरचा घाट. हंगामात दिवसा इथे कासच्या फुलांना निघालेल्या गाड्यांची रांग असते. जेवणं उरकल्यावर मात्र घाट सातारकरांचा. कुणी दुचाकीवर, कुणी पोराबाळांना गाडीत कोंबून, नुसतं वर जाऊन यायचं म्हणून निघतं. काही वळणं चढली की अख्खं शहर पायाखाली.

[दृश्य: घाटातून दिसणारा सातारा, कॅमेरा सावकाश उजवीकडून डावीकडे]

गाडी वळणावर नको, मोकळी जागा बघून उभी करा. आणि आधी हेडलाइट बंद करा. त्याशिवाय यातलं काही दिसायचं नाही.

उजव्या हाताला दिवे जिथे एकदम थांबतात, तो काळा ठोकळा म्हणजे अजिंक्यतारा. माथ्यावरच्या मनोऱ्याचा दिवा नसता, तर तिथे किल्ला आहे हे परक्याला कळलंही नसतं.

१६९९च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः फौज घेऊन या किल्ल्याखाली आला. छावणी पडली उत्तरेला, करंजे गावाजवळ. आता डाव्या बाजूला घरं दाटीनं उजळलेली दिसतात, त्या अंगाला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी १७००च्या एप्रिलपर्यंत किल्ला झुंजवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले, त्यातला एक त्यांच्यावरच उलटला आणि त्यांचीच माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्या हिवाळ्यात या डोंगरावरून कुणी पाहिलं असेल, तर त्याला दिसल्या असतील त्या छावणीच्या शेकोट्या. आजचं शहर त्यानंतरचं. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि पुढे किल्ल्याच्या उत्तर उतारावर पेठा वसत गेल्या.

पेठा वसवायच्या तर पाणी हवं. ते दिलं आपण उभे आहोत त्या डोंगरानं. यवतेश्वरच्या अंगचं पाणी खापरी नळांनी खाली उतरवलं गेलं. वस्ती वाढली, तसं ते पुरेना. मग इंग्रजी अमदानीत कासला तलाव बांधला गेला, इथून वर, साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर. कासचं पाणी उपसावं लागत नाही. आधी उघड्या पाटानं, आता बंद नळातून, ते निव्वळ उतारानं साताऱ्यात येतं. म्हणजे आपण हवा खायला ज्या अंगानं वर चढतो, त्याच अंगानं निम्म्या गावाचं पिण्याचं पाणी रात्रंदिवस खाली येत असतं. दिवे बघायला आलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे!

[दृश्य: जुन्या पेठांवरून महामार्गाकडे सरकणारा कॅमेरा]

आता जरा लांब बघा. पायथ्याशी जुन्या पेठा: झाडांमधून डोकावणारे, विस्कळीत, मंद दिवे. राजवाडा, मंगळवार तळं, सगळं त्यातच. पुढे पोवई नाका, तिथे उजेड वाढतो. आणि सगळ्यांत पलीकडे, पूर्वेला, हलणारी एक सलग रेघ: पुणे–बेंगळुरू महामार्ग. वाढे फाटा, बॉम्बे रेस्टॉरंट चौक, त्यामागे एमआयडीसी. आज सगळ्यांत भगभगीत उजेड तिथे आहे.

किल्ल्याचा आसरा आणि डोंगराचं पाणी म्हणून जे गाव इथे वसलं, ते आता दोघांकडे पाठ करून रस्त्याच्या दिशेनं निघालंय. दिवसा हे लक्षात येत नाही, कारण दिवसा सगळी घरं सारखीच दिसतात. रात्री उजेडच सांगतो, पैसा कुठे आहे ते.

पावसाळ्यात हे सगळं विसरायचं. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा कठडा दिसत नाही, आणि कड्यावरून दगड सुटतात ते वेगळंच. कठड्यावर बसून बाटल्या खाली भिरकावणाऱ्यांसाठी तर वर्षभर घाट बंद ठेवला तरी आमची हरकत नाही.

उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. दुसऱ्या गिअरमध्ये राहू द्या, चढणाऱ्याला आधी वाट द्या. खाली राजवाड्याजवळ चौपाटीवर खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. भूक लागली असेल, तर तिथे थांबा.