आधी दव झाडायचं, मग गोल्फ

सूर्य अजून वर यायचाय. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, साय धरल्यासारखं जे पांढरट दिसतंय ते दव, आणि हा माणूस ती लांबलचक लवचिक काठी डावीकडून उजवीकडे फिरवत चाललाय तो ते दव झाडतोय. गवत रात्रभर ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रणच, शिवाय ओल्यावर मोवर, म्हणजे गवत कापायचं मशीन, घातलं की कापलेल्या गवताचे गोळे पडतात, म्हणून आधी काठी आणि मग मशीन. काठी गेली तिथे गडद हिरवा पट्टा उमटतो.

(इथे निवेदन नाही. काठीचा सपसप आवाज ऐकू द्या.)

अमेरिकेतला हा क्लब जुना आहे, शंभरी कधीच ओलांडलेला. आज इथे यूएस सीनियर ओपनचा क्वालिफायर आहे. मुख्य स्पर्धा नाही हं, त्या स्पर्धेत कोण जाणार हे ठरवणारा एक दिवस. 18 होल, सकाळी सुरू, संध्याकाळी निकाल. असे क्वालिफायर देशभर वेगवेगळ्या क्लबांवर होतात, वय 50 पूर्ण पाहिजे, प्रो पण येतात आणि हौशी पण, फक्त हौशी असाल तर हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, अगदी कमी लागतो; कमी म्हणजे खेळ चांगला.

50 वरून आठवलं. ही स्पर्धा सुरू झाली 1980 ला विंग्ड फूट क्लबवर, रॉबर्टो डी व्हिसेन्झो जिंकला, तेव्हा अट होती 55 वर्षांची. गोल्फचा मोठा स्टार अर्नॉल्ड पामर त्या वेळी 50 चा. पुढच्या वर्षी अट 50 वर आली आणि 1981 ला ओकलंड हिल्स क्लबवर प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, पामर जिंकला. काय जोडायचं ते तुम्ही जोडा.

आता हे जरा जवळून बघा. हा होल कटर. धारदार स्टीलचा गोल पाइप, वर आडवा दांडा. सरळ उभा धरायचा, दाबत दाबत फिरवायचा आणि मग अलगद वर ओढायचा, तिरका गेला की होलची कड फाटते आणि मग दिवसभर शिव्या खायच्या. बाहेर आला तो मातीचा ठोकळा. वरच्या भागात वाळूचे फिकट थर आहेत ना, ती इतक्या वर्षांत ग्रीनवर पसरत आलेली वाळू, आणि खाली काळपट दिसतेय ती इथलीच मूळ माती. त्या काळी जागेवरचीच माती ढकलून उंचवटा करायचे आणि त्यालाच ग्रीन म्हणायचे, खाली पाइप नाही, खडी नाही, काही नाही. हा ठोकळा फेकत नाहीत, तो कालच्या होलमध्ये बसवतात. होलची रुंदी सव्वाचार इंच, जगात कुठेही जा, तेवढीच. स्कॉटलंडमध्ये मसलबर्गला 1829 चा एक कटर आहे, माप त्याच्यावरूनच आलं असं सांगतात.

आणि ही अॅल्युमिनियमची पट्टी म्हणजे स्टिम्पमीटर, ग्रीनवर बॉल किती पळतो ते मोजायला. लांबी 36 इंच, खाचेत बॉल ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, साधारण 20 अंशांवर बॉल आपसूक सुटतो. तीन बॉल इकडून, तीन तिकडून, सरासरी किती फूट गेले ते मोजायचं. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गोल्फरने 1935 ची यूएस ओपन ओकमाँट क्लबवर बघितली, ग्रीनवर बॉल जरा जास्तच पळतोय असं त्याला वाटलं, म्हणून त्याने हे लाकडात बनवलं. यूएसजीएने, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, ते हातात घ्यायला पुढे चाळीस वर्षं लावली.

आता हे मी मुद्दाम लांबवतोय, कारण लोक सारखं म्हणतात की जुने कोर्स छोटे पडले, आजच्या ड्रायव्हरपुढे, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीपुढे, टिकत नाहीत. फेअरवेमधला, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवतातला, हा आडवा बंकर बघा, वाळूचा खड्डा, जुन्या हिकरी लाकडाच्या काठीने मारायचे तेव्हा इथे धडकी भरत असेल, आज बॉल त्याच्या डोक्यावरून जातो, कबूल. पण ग्रीनवर या ना. मागून पुढे असा उतार की वर राहिलात तर पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, नुसता टेकवला तरी पळतो. आणि यामुळेच इथला सुपरिंटेंडंट ग्रीन अजून जलद करायला तयार नाही, करता येत नाही म्हणून नाही, केलं तर उतारावर बॉल थांबणारच नाही आणि होल कापायला जागाच उरणार नाही म्हणून. नवीन टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, बांधून कोर्स लांबवायला पैसे निघतात, हे सांभाळणाऱ्या माणसांचं नाव मात्र कुठल्याच पाटीवर नसतं.

खेळ सुरू झाला. हे सगळे पन्नाशी पार केलेले, तरी स्विंग बघा. आणि हा, पटची लाइन बघायला खाली बसला, उठताना पटरवर भार देऊन उठला, गुडघ्याला पट्टा आहे.

दुपार झाली की ग्रीन बदलतं. इथे जुन्या ग्रीनमध्ये पोआ नावाचं गवत आपणहून घुसलेलं आहे, या दिवसांत त्याला बारीक तुरे येतात, सकाळी कापलेलं दुपारी पुन्हा डोकं वर काढतं आणि बॉल शेवटच्या दोन फुटांत थरथरतो. हा पट बघा.

(बॉल कडेवर अर्धा वळसा घेऊन बाहेर. निवेदन नाही.)

स्कोअरिंगचं टेबल. मार्करने, म्हणजे स्कोअर टिपणाऱ्या माणसाने, लिहिलेलं कार्ड, पेन्सिलने एकेका होलवर बोट ठेवून दोघं आकडे जुळवतायत, एखाद्या होलवर खरा मारला त्यापेक्षा कमी लिहून सही केली की बाद. संध्याकाळपर्यंत जागा भरल्या, शेवटच्या जागेला प्लेऑफ झाला, दोघातिघांना अल्टरनेट, म्हणजे कोणी गळलं तर बदली, म्हणून थांबायला सांगितलं, बाकीचे गाड्या काढून निघाले.

ग्रीनवर मात्र सकाळचाच माणूस परत आलाय, कटर घेऊन. मघाशी बॉल बाहेर आला तो होल हाच. ठोकळा बसवला, बुटाच्या टाचेने दाबला, बाटलीतलं पाणी ओतलं. थोड्या दिवसांत जोड ओळखू येणार नाही, आत्ता गोल रेघ स्पष्ट दिसतेय.