पंच नेमका कुणाचा?

(मराठी भाषा गौरव दिनाच्या ब्रिटनमधल्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी,

मराठीच्या दिवशी इंग्रजी शब्दावर बोलायचं ठरवलं, त्याचं कारण आधी सांगते. आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक यादी फिरत असते. अमका इंग्रजी शब्द संस्कृतातून उचलला, तमका मराठीतून गेला. त्यातलं थोडं खरं असतं, पण पुष्कळसं नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर उभं असतं. इंग्रजीतला 'पंच' हा आपल्या पाचावरून, म्हणजे संस्कृत 'पंच'वरून आला, असे दावे मी वारंवार वाचते. आपल्या शाळेतल्या मुलांनी तरी शब्दांचा शोध नीट घ्यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज हा एकच शब्द घेते.

देशपांडे आडनावाची दोन माणसं भेटली, तर आपण त्यांना लगेच भाऊ-भाऊ म्हणत नाही. गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, हे आधी विचारतो. इंग्रजीतला 'पंच' याच पद्धतीने बघायला हवा. ठोसा म्हणजे पंच, कागदाला भोक पाडायचं यंत्र म्हणजे पंच, बाहेर टेबलावर मुलांसाठी ठेवलेलं फळांचं सरबत म्हणजे पंच, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या बाहुल्यांच्या खेळातला तो मोठ्या नाकाचा गृहस्थही पंच. स्पेलिंग चौघांचं एकच आहे, मूळ गाव मात्र चौघांचं एक नाही.

भोक आणि ठोसा यांचं घराणं एकच. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत टोकदार हत्याराचं नाव आलं आणि टोचण्याचं क्रियापदही. पॉइंट, पंक्चर, पंक्चुअल हे सगळे त्याच वंशातले. सायकलच्या पंक्चरचं आणि वेळ पाळणाऱ्या माणसाचं नातं असं टोकाशी जुळतं. टोचण्यावरून ढोसणं, ढोसण्यावरून मुठीने मारणं, असा अर्थ सरकत गेला. अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला 'काउपंचर' म्हणतात, त्यात तो ढोसण्याचा अर्थ अजून शिल्लक आहे.

या घराण्यातला एक पंच आपल्या फार उपयोगी पडला, त्याच्यापाशी जरा थांबते. छापखान्याचा टाइप तयार करताना पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचे. ती कांडी म्हणजे पंच. ती तांब्याच्या पट्टीवर हातोड्याने ठोकली की तांब्यात अक्षराचा खळगा उमटे, आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतून छपाईचे खिळे पाडत. देवनागरीचे किती पंच कोरावे लागले असतील याचा विचार करा: अक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार आणि एकेक जोडाक्षर. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप सुबकपणासाठी नावाजला गेला, तो याच बारीक कोरीवकामामुळे. खिळे जुळवणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात, आणि पंच कोरणाऱ्यांची तर त्याहून नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण मराठी वाचणारा समाज त्यांच्या हातांनी घडवला.

आता बाहुलीवाला पंच. तो नेपल्सचा. इटलीच्या लोकनाट्यात 'पुल्चिनेला' नावाचं पात्र होतं: कुबड आलेलं, बाकदार नाकाचं, भांडखोर. तो इंग्लंडात आला आणि त्याचं 'पंचिनेलो' झालं, मग नुसतं 'पंच'. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस यांनी ९ मे १६६२ रोजी हा इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि रोजनिशीत टिपून ठेवला. तिथल्या सेंट पॉल चर्चच्या भिंतीवर त्याची नोंद कोरलेली आहे आणि दर मे महिन्यात बाहुलीवाले तिथे जमतात. मुलांना एकदा अवश्य घेऊन जा. पंचचा तो किरटा, चिरका आवाज ऐका. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये एक पातळ पट्टी ताणून बांधतात आणि ते टाळ्याशी धरून बोलतात, त्यातून तो निघतो. बाकीच्या पात्रांचे संवाद साध्या आवाजात म्हणायचे असल्याने बाहुलीवाला ती पट्टी जिभेने क्षणात सरकवतो आणि पुन्हा जागेवर आणतो.

पेपिस यांचीच दुसरी नोंद ३० एप्रिल १६६९ची. गरीब वस्तीतले लोक आपल्या गुबगुबीत पोराला 'पंच' म्हणताना त्यांनी ऐकले, आणि जाड-ठेंगणं जे काही दिसेल त्याला आता हाच शब्द वापरतात असं त्यांनी लिहिलं. खेळ पाहिल्यानंतर सातच वर्षांनी! सफोक परगण्यातल्या आखूड पायांच्या, दणकट तांबूस घोड्यांना 'सफोक पंच' म्हणतात, ते याच जाड-ठेंगण्या अर्थाने.

पुढे १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये 'पंच' हे विनोदी साप्ताहिक सुरू झालं. नाव बाहुलीचं. पण संपादकांपैकी एकाचं आडनाव होतं लेमन, म्हणून लिंबाशिवाय पंचला चव नाही अशी कोटी तेव्हा झाली. म्हणजे बाहुलीच्या पंचमध्ये पेयाचा पंच मिसळला. व्यंगचित्राला 'कार्टून' म्हणायची रीत १८४३ साली याच साप्ताहिकाने पाडली. त्याचं अनुकरण हिंदुस्थानात झालं: मुंबईत १८५४ साली 'पारसी पंच', लखनौला १८७७ साली 'अवध पंच', आणि ठाण्याहून मराठीत 'हिंदू पंच'. नेपल्सच्या विदूषकाचं नाव ठाण्याच्या मराठी पत्रावर पोचलं. ते वाचणाऱ्यांच्या कानाला मात्र त्यात चावडीवर निवाडा करणारा आपला पंचच ऐकू आला असणार, असं मला वाटतं. थट्टेच्या पत्राला ते नाव किती शोभून दिसलं असेल!

आता उरला पेयाचा पंच. आपला हक्क सांगायचा तर तो इथेच.

जॉन फ्रायर हे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर १६७०च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होते. जुन्नरलाही जाऊन आले. रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी गेलेल्या हेन्री ऑक्सिंडेन यांच्या वकिलातीची हकिकत त्यांच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक १६९८ साली छापलं गेलं. त्यात गोव्याच्या वर्णनात ते म्हणतात की नेरूळला सर्वांत चांगला अर्क, म्हणजे गाळलेली दारू, निघतो, आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचं, माणसाला ढिलं करणारं पेय बनवतात. हिंदुस्तानीत पाँच म्हणजे पाच, आणि त्यात जिन्नस पाच. बार्देशातलं नेरूळ, माडाची सूर आणि तिचा अर्क: इतका नेमका पत्ता कुठल्या शब्दाला मिळतो? पाच जिन्नस सहसा असे मोजतात: अर्क, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला. पंचामृताची गोडी ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना ही मोजणी लगेच पटते.

तरीही अडचणी आहेत, आणि त्या लपवू नयेत. पेयाच्या अर्थाने हा शब्द १६३२ सालच्या कंपनीच्या एका पत्रात सापडतो, म्हणजे फ्रायर यांच्या आधी चाळीस वर्षं. त्या पत्रात पाचाचा उल्लेख नाही. १६३८ साली सुरतेला आलेले जर्मन प्रवासी मांडेल्स्लो यांनी या पेयाचे जिन्नस दिले आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. झाले चार! शिवाय उच्चाराचा प्रश्न. त्या काळापर्यंत इंग्रजीत हा शब्द 'पुंच' असा उच्चारत. उत्तर इंग्लंडातल्या आपल्या सभासदांना तो उच्चार आजही शेजारी ऐकू येतो. 'पाच'चं किंवा 'पंच'चं 'पुंच' कसं झालं, याचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून काही कोशकार म्हणतात की जहाजावरच्या मोठ्या पिंपाला 'पंचन' म्हणत, त्याचं हे छोटं रूप असेल.

माझं मत विचाराल तर पारडं अजून आपल्या बाजूला झुकतं. जुने उल्लेख हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी बांधलेले आहेत, कंपनीच्या बंदरांतल्या गुत्त्यांना 'पंच-हाउस' म्हणत, आणि तिथे राहिलेल्या माणसाने कानाने ऐकून अर्थ सांगितला आहे. पण ते मत आहे. ते 'सिद्ध झालं' म्हणून पुढे पाठवणं बरोबर नाही, कारण ज्या भाषेवर आपलं प्रेम आहे तिच्या नावावर कच्ची गोष्ट खपवली तर तिच्या पक्क्या गोष्टींवरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

सारखं दिसतं ते नातं नसतं, हे आपल्याच भाषेत तपासून बघा. विड्याचं पान, वहीचं पान, जेवणाचं मांडलेलं पान, ही सगळी संस्कृत 'पर्ण'ची लेकरं. अमृतपानातलं पान मात्र वेगळं, ते 'पा' म्हणजे पिणे या धातूचं.

आणि उलट, जे सारखं दिसत नाही तिथे नातं निघतं. इंग्रजी 'फाइव्ह' आणि आपला 'पाच' एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत, यावर भाषाशास्त्रात एकमत आहे. ग्रीक 'पेंटे' आणि लॅटिन 'क्विंक्वे' त्याचीच भावंडं. मुठीला इंग्रजीत 'फिस्ट' म्हणतात, तोही याच पाचातून, बहुधा पाच बोटांवरून, आला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ठोसा या अर्थाचा पंच पाचाचा कुणी लागत नाही, पण ज्या मुठीने तो बसतो तिचं नाव लागत असेल.

शाळेच्या ताई-दादांना माझी एक विनंती आहे. मुलांना मराठीतून इंग्रजीत गेलेला शब्द शिकवायचा असेल, तर मुंगुसापासून सुरुवात करा. 'मंगूस' हा मराठीतून गेला असं बहुतेक कोश सांगतात, आणि त्याचाही जुना उल्लेख याच फ्रायर यांच्या पुस्तकात आहे. अनेकवचन मुलांनाच विचारा. 'गूस'चं 'गीज' होतं म्हणून ती 'मंगीज' म्हणतील. मग सांगा की यात हंसाचा काही संबंध नाही, हा आपला मुंगूस आहे, आणि म्हणून इंग्रजी कोशात त्याचं अनेकवचन 'मंगूसेस' असं दिलेलं असतं.