गूगलला करकर ऐकू येत नाही

(क्लोजअप. रापीचा आवाज तसाच ठेवायचा, म्युझिक नको.)

ही रापी, कातडं कापायचं हत्यार. धार आत्ताच दगडावर काढलीय. खाली म्हशीचं जाड कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, त्यावर पुठ्ठ्याचा साचा, ज्याच्या कडा हाताळून हाताळून मऊ झाल्यात. चप्पल करणारे मामा कडेनं रेघ मारतात आणि एका दमात तळ कापून बाजूला ठेवतात. ही एका कोल्हापुरी चपलेच्या दुकानाची गोष्ट, गूगलवर ते कसं दिसायला लागलं त्याची. दुकान कोल्हापुरातलं, शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनपासून थोडं आत, गल्लीत. नाव घेणार नाही, मामांनीच सांगितलंय, "जाहिरात नको, काम दाखवा."

तर काम बघा. तळाचे थर एकावर एक ठोकून बसवायचे, दोन्ही बाजूंना कान, वरून पट्टा, पुढं अंगठा. शिवण चामड्याच्याच वादीची, आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, ओढायची, परत भोक. "ह्यात खिळा शोधून दाखवा," मामा कॅमेऱ्याकडं न बघता म्हणतात.

आणि ही वेणी. शेळीच्या पातळ कातड्याच्या बारीक पट्ट्या, मामींची बोटं बघा, मान वर न करता विणतायत, एकीकडं आमच्याशी बोलतायत, एकीकडं कुकरच्या शिट्ट्या मोजतायत. वेणीचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. चपलेच्या किमतीत त्या कामाचा हिशोब किती धरला जातो, हा प्रश्न आपण इथंच सोडू, नाहीतर हा व्हिडिओ वेगळ्याच गावाला जाईल.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं, मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मग जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीची मॉडेल पोरं तसल्याच चपला घालून चालली, आधी कोल्हापूरचं नावच नाही, बोंबाबोंब झाल्यावर चप्पल कुठनं सुचली ते कंपनीनं मान्य केलं. गूगल ट्रेंड्सवर, म्हणजे लोक कधी काय किती शोधतात ते दाखवणाऱ्या पानावर, जाऊन त्या दिवसांतली रेघ बघा, अख्खं जग कोल्हापुरी चप्पल शोधत होतं.

तेव्हा ह्या दुकानाची वेबसाइट होती का? होती. चांगले पैसे मोजून करून घेतलेली. गूगलवर मात्र नव्हती.

(स्क्रीन रेकॉर्डिंग. भाचीचा लॅपटॉप.)

ही मामांची भाची. कॉलेज झालंय, दुकानात बसते, इन्स्टा तिच्याकडं. रील्सना लाइक्स भरपूर. ती आता गूगलमध्ये टाइप करतेय, साइट, मग कोलन, मग मधे जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता. असं टाकलं की गूगलकडं तुमची कुठली पानं आहेत त्याचा अंदाज येतो. एंटर.

काही नाही. एकही पान नाही.

मामा मागून बघतायत. "म्हंजे आपलं दुकानच न्हाई व्हय?"

दुकान आहे मामा, पण गूगलच्या वहीत नोंद नाही. गूगलचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा रोबोट लिंकवरून लिंकवर फिरत पानं बघून येतो, त्याला क्रॉल म्हणतात. मग जे वाचलं ते साठवून ठेवतो, ते इंडेक्स. आणि कुणी काही शोधलं की त्या साठ्यातून कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवतो, ते रँकिंग. लोक सगळे तिसऱ्यावर भांडत बसतात, पहिल्या नंबरवर कसं यायचं, पहिल्या नंबरवर कसं यायचं, आणि साइट दुसऱ्या टप्प्यापर्यंतच पोचलेली नसते.

इथं का नव्हती पोचली? हे बघा, झूम केलंय. वर्डप्रेस, म्हणजे ज्यावर ही साइट बनवलीय ते सॉफ्टवेअर, त्यात सेटिंग्ज, रीडिंग, सगळ्यात खाली एक छोटा चौकोन. सर्च इंजिननी ही साइट इंडेक्स करू नये, असं सांगणारा. त्यात टिक आहे. साइट बनत असताना अर्धवट पानं गूगलला दिसू नयेत म्हणून डेव्हलपर ही टिक करतात, बरोबरच आहे, पण साइट सुरू झाल्यावर ती काढायची असते. ज्यांनी साइट करून दिली त्यांनी काढली नाही, पैसे घेतले आणि गेले. वर डोमेनही, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांच्याच नावावर घेऊन ठेवलेलं, ते आपल्या नावावर करून घ्यायला भाचीला किती फोन करावे लागले ते तिलाच माहिती. तुम्ही साइट करून घेत असाल तर बाकी काही नाही कळलं तरी चालेल, डोमेन आपल्या ईमेलवर, आपल्या नावावर पाहिजे म्हणून सांगा.

टिक काढली. सेव्ह.

पुढं गूगल सर्च कन्सोल, आपली साइट गूगलला कशी दिसते ते बघायचं गूगलचंच साधन. फुकट आहे. साइट आपलीच आहे हे दाखवायला एक कोड मिळतो, तो डोमेनच्या सेटिंगमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून चिकटवायचा, मग साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्यायचा आणि महत्त्वाच्या पानांसाठी रिक्वेस्ट इंडेक्सिंगचं बटण दाबायचं. बटण दाबलं की लगेच येतं असं नाही, काही दिवस, काही आठवडे, गूगल स्वतःच सांगतं वेळ लागतो म्हणून. ह्या सगळ्याचं शूटिंग फार कंटाळवाणं आहे म्हणून फास्ट फॉरवर्ड केलंय.

आता मजेची गोष्ट. साइट दिसायला लागली, पण तिच्यात वाचायला काय होतं? वरती टायटल, "होम". खाली सरकते फोटो. मग "वेलकम टू अवर वेबसाइट". मग रेटलिस्ट, ती पण फोटोत, म्हणजे अक्षरं चित्रात छापलेली. फोटोंची नावं आयएमजी अमुक, व्हॉट्सअ‍ॅप इमेज तमुक. गूगल ही चप्पल पायात घालून बघत नाही, चालताना येणारी करकर त्याला ऐकू येत नाही, कातड्याचा वास येत नाही. त्याचा मुख्य भरवसा लिहिलेल्यावर. आणि आपल्याकडच्या कारागिरांचं सगळं हातात असतं, तोंडात असतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला असतं, लिहिलेलं कुठंच नसतं. एसइओ एसइओ म्हणून, म्हणजे गूगलवर साइट दिसावी म्हणून, जे काय चाललेलं असतं त्यातलं छोट्या दुकानाच्या कामाचं निम्म्याहून जास्त ह्यातच येतं, असं माझं मत.

(काउंटर. वही. हा सीन कापायचा नाही.)

म्हणून भाचीनं काउंटरवर एक वही ठेवली. गिऱ्हाईक जे विचारेल ते, जसंच्या तसं, त्याच शब्दांत लिहायचं. बघा ही पानं, तिचं अक्षर घाईतलं आहे, दिसेल तसं वाचतो. "चावते का?" "पावसात चालते का?" "माझा पाय रुंद आहे, बसेल का?" "करकर वाजणारी पाहिजे." "करकर न वाजणारी पाहिजे." "बुटाचा नंबर नऊ, मग ह्यात कितीची घेऊ?" "लग्नात नवरदेवाला कुठली?" "तेल कुठलं लावायचं?" "कापशी म्हणजे कुठली?"

आणि हे मामांचं उत्तर, हे तर मी आवाजासकट ठेवलंय.

"चावती की. नवी चप्पल चावणारच, कातडं हाय ते, फोम न्हवं. रातीला अंगठ्यापाशी न् पट्ट्याखाली आतनं तेल लावायचं, एरंडेल असंल तर एरंडेल, न्हाईतर खोबरेल, आन् सकाळी घरातल्या घरात फिरायचं. धा मैल चालायला जाऊ नगा पहिल्याच दिवशी. पावसात घालायची न्हाई. भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात टाकली की कडक झाली म्हणून समजा."

हे उत्तर मामा वर्षानुवर्षं देतायत, दिवसातून कितीदा तरी. भाचीनं ते फोनवर रेकॉर्ड केलं, जरा नीट करून टाइप केलं आणि त्याचं पान केलं, टायटल दिलं "नवीन कोल्हापुरी चप्पल चावते? काय करायचं". दुसरं पान पावसाचं. तिसरं मापाचं, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कडा मारून फोटो कसा पाठवायचा, त्याचे फोटो तिनंच मामींचा पाय ठेवून काढले. कापशी, कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, त्या बांधणीचं वेगळं पान. किंमती चित्रातून काढून साध्या अक्षरात लिहिल्या. आणि मुख्य पानाचं "होम" जाऊन आता काय आलं बघा, "कापशी कोल्हापुरी चप्पल, मापानुसार हाताने बनवून, कोल्हापूर". एवढंच. "बेस्ट चीप नंबर वन ओरिजिनल" असलं काही नाही. टायटलच्या खाली दोन ओळींचं वर्णन असतं, मेटा डिस्क्रिप्शन, त्यानं नंबर वाढत नाही पण वाचून माणूस क्लिक करतो, आणि कधीकधी गूगल ते बाजूला ठेवून स्वतःचंच काहीतरी दाखवतं, ते आपल्या हातात नाही.

मग लोक नेमकं टाइप काय करतात, ते कसं कळणार? गूगलच्या चौकोनात "कोल्हापुरी चप्पल" टाकून थांबा, खाली सूचना उघडतात त्या लोकांच्याच शोधांतून आलेल्या असतात. मराठीत टाकून बघा, इंग्रजी अक्षरांत टाकून बघा, सूचना वेगळ्या येतात. भाचीनं दोन्ही यादी केल्या, मराठी पानं मराठीत ठेवली आणि मापाचं पान तेवढं इंग्रजीतही केलं, कारण बाहेरगावच्या ऑर्डरी बहुतेक तिथूनच अडतात.

(स्प्लिट स्क्रीन. डावीकडं फोन, उजवीकडं मामांची हातोडी.)

हा शॉट मला फार आवडतो. डावीकडं जुनी साइट मोबाइलवर उघडतेय, उजवीकडं मामा तळ ठोकतायत. एक, दोन, तीन, चार, पाच ठोके, अजून पान पांढरंच. कारण एकेक फोटो कॅमेऱ्यातून आला तसा पाच पाच एमबीचा चढवलेला. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर गूगल त्याला चांगलं म्हणतं. फोटो लहान केले, वेबपी ह्या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले, नावं दिली, कापशी-चप्पल-लाल-गोंडा असली, आणि प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते एका ओळीत. ते अंध माणसांच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येतं, खरं तर ते त्यांच्यासाठीच आहे. आणि हे सगळं मोबाइलवर तपासायचं, लॅपटॉपवर नाही, 2023 पासून गूगल जवळपास सगळ्या साइटचं मोबाइलवरचंच रूप धरतं.

आता गल्ली. नकाशावर दुकानाची पिन मागच्या गल्लीत होती, लोक त्या गल्लीत येऊन फोन करायचे आणि मामा हातातलं काम टाकून रस्त्यावर उभे राहायचे. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद, आपल्या नावावर घेतलं, त्यासाठी गूगल आजकाल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं, रस्ता, पाटी, शटर, आतलं दुकान, सगळं सलग. हा तोच व्हिडिओ, भाचीनं काढलेला, मधे म्हैस आडवी आली म्हणून परत काढलेला. म्हशीचा भाग आम्ही ठेवलाय. पिन सरकवली, वेळा टाकल्या, सुट्टीचा वार टाकला, फोन नंबर साइटवर आहे तोच इथं. नावात मात्र पाटीवर आहे तेवढंच, त्याला पुढंमागं "बेस्ट कोल्हापुरी शॉप" जोडायचं नाही, नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. रिव्ह्यूसाठी काउंटरवर क्यूआर कोड लावलाय. रिव्ह्यू दिला तर पन्नास रुपये कमी, असलं करायचं नाही, तेही नियमाबाहेरच.

ह्या शूटिंगमध्येच एक फोन आला, ऐका, "सर तुमची वेबसाइट पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी". नाव, नंबर बीप केलंय. गूगल स्वतः लिहून ठेवतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. हे लोक पॅकेजमध्ये काय देतात, तर मेटा कीवर्ड भरून, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, जो टॅग गूगल रँकिंगसाठी वापरत नाही हे त्यांनी 2009 सालीच सांगितलंय, आणि हजार लिंक, विकतच्या. लिंकला किंमत आहे हे खरं, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्यांनी 1998 मध्ये गूगल उभं केलं तेच ह्या कल्पनेवर, की ज्या पानाकडं चांगली पानं बोट दाखवतात ते वर यावं. पण विकतची बोटं ओळखायला गूगल शिकून बसलंय, उलट तुमचंच नुकसान. मामांनी फोन ठेवून दिला, "दुसऱ्याच्या तोंडानं आपली तारीफ, ती पण पैसे देऊन?"

फायदा झाला का? मापाचे फोटो पाठवून बाहेरगावच्या ऑर्डरी यायला लागल्यात, पुण्याहून, बेंगळुरूहून, रस्ता विचारणारे फोन कमी झालेत.

नुसतं "कोल्हापुरी चप्पल" टाकलं तर मात्र वर मोठ्या शॉपिंग साइटच येतात, आणि बराच काळ त्याच येणार, त्याला इलाज नाही. "कापशी चप्पल मापानुसार" टाकलं की हे दुकान दिसतं. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये भाची दर सोमवारी बघते, कुठल्या शब्दांवर साइट दिसली आणि क्लिक कुठं झाली नाही. ह्या आठवड्यात तिथं एक नवीनच शोध आलाय, "कोल्हापुरी चप्पल तळ दुरुस्ती". साइट लोकांना दिसली, क्लिक कुणी केलं नाही, कारण त्यावर पानच नाही. ती मामांना विचारतेय, दुरुस्तीचा दर काय लिहू. मामा म्हणतात, चप्पल बघितल्याशिवाय दर सांगत नसतो. ती म्हणते, मग तेच लिहिते, फोटो पाठवा म्हणून.