लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि सकाळचा चहा

बसा बसा, मागच्या ताया जरा पुढे सरका, माईक खरखरतोय. हळदीकुंकवाला येऊन गोळ्यांवर काय बोलते ही, असं वाटेल, पण मी 22 वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभी आहे आणि माझा जीव सगळ्यात जास्त कशासाठी तुटत असेल तर याच्यासाठी, की बाई पदरचे पैसे घालते, रोज न चुकता रक्तवाढीची गोळी घेते आणि तरी तिचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, काही वर येत नाही.

मागच्या महिन्यात एक काकू आल्या. पर्समधून छोटी स्टीलची डबी काढली, झाकण उघडलं तर आत सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून सोडवून ठेवलेल्या, लाल लोहाची, लांबट पांढरी कॅल्शियमची, झिंकवाली मल्टिव्हिटॅमिन आणि थायरॉइडची ती बारीक टिकली. म्हणाल्या, "सगळ्या एकदम घेते गं, सकाळच्या चहाबरोबर, म्हणजे विसरायला होत नाही." चार महिन्यांपूर्वी एचबी 8.4 होतं, आता 8.7. मला काय बोलावं कळेना, कारण त्यातल्या दोन गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या होत्या आणि मीही कधी विचारलं नव्हतं की काकू, घेता कशा?

आता बघा होतं काय. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि पोटात गेलेल्यातलं थोडंच रक्तात उतरतं. तिथेच कॅल्शियम आलं की ते लोहाला अडवतं. झिंकचा डोस मोठा असला तर त्याचंही तसंच. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात आणि मग ते शोषलंच जात नाही. दुधाबरोबर गोळी घ्यायची आपल्याकडे सवय आहे, ताकद येते म्हणून, पण दूध म्हणजे पुन्हा कॅल्शियमच की. आणि काकूंच्या डबीत नुकसान एकट्या लोहाचं नव्हतं, लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या गोळीला अडवतात, मग थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो, डोस वाढतो, आणि खरं कारण डबीतच राहतं. थायरॉइडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही किमान 4 तास लांब ठेवायचं.

काकूंना मी कागदावर लिहून दिलं. उठल्या उठल्या थायरॉइडची, नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. लोह रात्री, जेवून दोन तास झाले की ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळतं. रिकाम्या पोटी लोह जास्त चांगलं लागू पडतं, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या, बंद मात्र करू नका. संडासला काळी होते म्हणून घाबरून गोळी सोडलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात, लोहाने तसं होतंच. मात्र डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

गरोदर मुलींचं तर मला फारच वाटतं. चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी रोज एक, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा. दोन्ही गोळ्या एकाच दिवशी हातात पडतात, एकाच फडताळात जातात आणि एकाच घोटात पोटात. म्हणून सासूबाई इथे असतील तर त्यांनाच सांगते, कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणाला आणि लोहाला मध्ये दोन तास तरी मोकळे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या देशभरातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त असू शकतात.

कोणी विचारलं की व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी घेऊ का? पालेभाजीवर, डाळीवर लिंबू जरूर पिळा, त्यातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण लोहाच्या गोळीसाठी म्हणून वेगळी विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. त्यापेक्षा स्ट्रिपच्या मागे "एलिमेंटल आयर्न", म्हणजे गोळीत प्रत्यक्ष लोह किती, ते वाचा, टॉनिकमध्ये लोह, मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि वर वेगळी गोळी, असं तिप्पट घेणाऱ्याही येतात. आणि नीट घेऊनही महिन्याभरात एचबी हललं नाही तर बी12 कमी असेल, पाळी जास्त जात असेल, थॅलेसेमिया मायनर हा आईबापांकडून येणारा रक्तातला दोष असेल, तपासणीशिवाय कळणार नाही, स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका.

आणि ती डबी. काकूंचा नातू अडीच वर्षांचा आहे, लाल गोळी त्याला चॉकलेटच वाटणार. लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्या तर जिवावर बेततं, आणि सुरुवातीला उलट्या होऊन मधे मूल बरं वाटायला लागतं, तिथेच घरचे फसतात. किती गिळल्या हे मोजत बसू नका, घरचे उपाय करू नका, स्ट्रिप हातात घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा. म्हणून गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवा, वरच्या फळीवर, कडी लावून.