दहा दिवसांचा संघ

नमस्कार, श्रोतेहो. आज एका फुटबॉल संघाबद्दल बोलणार आहे. संघाचं नाव गोवा फाइव्ज. जन्म जुलै २०१६. आणि शेवट? तोही जुलै २०१६. १५ जुलैला स्पर्धा सुरू झाली, २४ जुलैला संपली. दहा दिवस. आपल्याकडे लग्नाचा मांडवसुद्धा कधी कधी यापेक्षा जास्त दिवस दारात उभा असतो.

स्पर्धेचं नाव होतं प्रीमियर फुटसाल. फुटसाल म्हणजे छपराखालचा फुटबॉल. एका बाजूला पाच खेळाडू, मैदान साधारण चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. चेंडू थोडा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा, त्यामुळे तो पायाशीच राहतो. चेंडू बाहेर गेला तर चार सेकंदांत आत यायला हवा. बास, एवढं पुरे. हा खेळ १९३० साली उरुग्वेत मोंतेविदेओला सुरू झाला आणि ब्राझीलच्या पोरांनी तो आपलासा केला.

आता गल्लोगल्ली जाळी लावून जी हिरवी प्लास्टिकची टर्फं झाली आहेत, त्यावर खेळायला जाणारी मुलंसुद्धा "फुटसालला चाललो" म्हणतात. ते फुटसाल नव्हे. आणि तासावर पैसे भरून खेळायचं, घड्याळ बघत खेळायचं, हे मला पटत नाही. भात कापून झालं की मोकळ्या शेतात अंधार पडेपर्यंत खेळायचं, ते खरं. तिथे चेंडू कुठे उसळेल हे ढेकळांवर अवलंबून. पण ते असू द्या.

तर सहा संघ होते. मुंबई, गोवा, चेन्नई, कोची, कोलकाता, बेंगळुरू. प्रत्येक संघात एक मोठं, जगप्रसिद्ध नाव, काही परदेशी फुटसालपटू आणि आपले भारतीय खेळाडू. मुंबईकडे इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचा रायन गिग्ज, बेंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे अर्जेंटिनाचा क्रेस्पो. लीगचा अध्यक्ष पोर्तुगालचा लुईस फिगो. जाहिरातीला विराट कोहली, गाण्याला ए. आर. रहमान. नावांची श्रीमंती अशी की विचारू नका. आणि गोव्याकडे कोण? ब्राझीलचा रोनाल्डिन्यो!

इथे मला आमच्या मामांबद्दल सांगायलाच हवं. सख्खे मामा नव्हेत, बाजारपेठेतले सगळेच त्यांना मामा म्हणतात. गोव्याच्या हद्दीला लागून आमचं गाव, तिथे त्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, पाइप, नळाच्या तोट्या. तरुणपणी गोव्यात नोकरीला होते, तिथे कंपनीच्या संघातून खेळले. राइट बॅक. उजव्या बाजूचा बचावपटू. बरीच वर्षं खेळले आणि त्यांच्या नावावर गोल एकही नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि अभिमानाने सांगतात.

तो रविवार होता, १७ जुलै २०१६. बाहेर आमच्या कोकणातला पाऊस. दुकान अर्धं ओढलेलं, काउंटरवर छोटा टीव्ही. सामना चेन्नईत, गोवा विरुद्ध बेंगळुरू. लक्षात ठेवा श्रोतेहो, सामना चेन्नईत. आणि त्या दिवशी रोनाल्डिन्योने पाच गोल केले. पाच! छत्तिसाव्या वर्षी. गोवा सात, बेंगळुरू दोन. बाजारातली पोरं दुकानात दाटीवाटीने उभी. प्रत्येक गोलला कोणीतरी पत्र्याच्या बादलीवर ताल धरत होतं.

या माणसाचं मूळच फुटसालमधलं. २००५ साली चेल्सी या इंग्लिश क्लबविरुद्ध त्याने केलेला गोल आठवतो? जागेवर उभं राहून नुसती कंबर हलवली आणि बुटाच्या टोकाने चेंडू मारला. पाय मागे घेतलाच नाही. बचावपटू बघत राहिले आणि गोलकीपर पेत्र चेक जागचा हलला नाही. तो फटका फुटसालमधला, जिथे पाय मागे घ्यायला जागाही नसते आणि वेळही नसतो.

तर पाच गोल झाले, पोरं नाचली. मामा मात्र बेंगळुरूच्या बचावावर चिडलेले. "पायाकडे कित्याक बघतत रे? कमरेकडे बघ! पाय फसवता, कंबर नाय फसवणा!" एकटेच टीव्हीला शिकवत होते.

लीगचा पुढचा टप्पा गोव्यात होता. साहजिकच दुसऱ्या दिवशी बाजारात एकच विषय, रोनाल्डिन्यो गोव्यात खेळणार, जायचंच. गाडी कोणाची, कोण कोण जाणार, पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे. आणि मग बातमी आली. रोनाल्डिन्यो निघाला. सप्टेंबरमध्ये रिओला पॅरालिम्पिक स्पर्धा होत्या, त्यांचा तो सदिच्छादूत होता, त्या कामासाठी ब्राझीलला परत. म्हणजे बघा, गोव्याच्या जर्सीतले त्याचे पाच गोल चेन्नईने पाहिले. गोव्याचा संघ गोव्यात आला आणि गोव्याचा हिरो विमानात बसला!

पोरांची तोंडं पडली. गाडीचा बेत रद्द. संध्याकाळी दुकानात सगळे सुतकात बसलेले, आणि एकाने मोबाइलवर बघून सांगितलं, "त्याच्या जागी कोणीतरी काफू येतोय."

मामांच्या हातात वजनाचा काटा होता, कोणाचे तरी खिळे मोजत होते. काटा तसाच ठेवला. "कोण म्हणालंस?"

"काफू."

श्रोतेहो, काफू म्हणजे २००२ साली विश्वचषक उचललेला ब्राझीलचा कर्णधार. १९९४, १९९८, २००२, लागोपाठ तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत खेळलेला माणूस. असा दुसरा कोणी नाही. आणि खेळायचा कुठे? उजवीकडे. राइट बॅक!

मामा म्हणाले, "गोल घालणारे पैशाक पासरी. अडवणारो खय मेळता?" आणि दुसऱ्या दिवशी चक्क दुकानाला कुलूप. पोरं घरी बसली आणि साठी ओलांडलेला माणूस छत्री घेऊन एसटीने गोव्याला गेला.

परत आल्यावर आम्ही विचारलं, सामन्यात काय झालं? तर ते सांगेनातच. काफू उभा कसा राहतो ते दाखवायला लागले. काउंटरच्या बाहेर आले, गुडघे थोडे वाकवले, अंग अर्धं तिरकं केलं. एक खांदा चेंडूकडे, एक खांदा आपल्या गोलकडे. "शेहेचाळीस वर्षांचो झालो, तरी समोर सरळ उभो ऱ्हवणा नाय. बघलंस?" गिऱ्हाईक तोटी हातात घेऊन तसंच थांबलेलं. सामन्याचा स्कोअर आम्हाला मामांकडून शेवटपर्यंत कळला नाही.

पुढचं थोडक्यात. अंतिम सामना मुंबई आणि कोची यांच्यात झाला, मुंबईने पेनल्टीवर जिंकला. गोवा फाइव्ज तिथे नव्हता. मोठ्या नावांवर जेवढा प्रकाश पडला, त्याच्या दशांशानेही त्या संघांतल्या भारतीय पोरांवर पडला नाही. पाच गोल कोणी मारले हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला चेंडू कोणी कोणी दिला, विचारा कोणाला.

शिवाय या लीगला भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती, जागतिक फुटबॉल महासंघाची, म्हणजे फिफाचीही नव्हती. पैसा आणि चेहरे आणता येतात. पण मान्यताच नसेल तर आज तिथे चमकलेल्या पोराला उद्या देशाच्या संघाचा दरवाजा कसा उघडणार? महासंघाने स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा घेतली ती २०२१ मध्ये, ती दिल्ली एफसीने जिंकली. आणि भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत उतरला तो २०२३ मध्ये. उशीर झाला, पण रीतसर झालं. रीतसर होणं मला आवडतं, जुन्या वळणाचा म्हणा हवं तर.

प्रीमियर फुटसालचा दुसरा हंगाम २०१७ मध्ये झाला. संघांची नावं बदलली. मुंबई वॉरियर्स, दिल्ली ड्रॅगन्स, केरळ कोब्राज अशी. त्या यादीत गोवाच नव्हता. तिसरा हंगाम झालाच नाही.

त्या दुसऱ्या हंगामात रोनाल्डिन्यो पुन्हा भारतात आला. सप्टेंबरमध्ये, मुंबईत वरळीला खेळला, पण दिल्लीच्या जर्सीत. ही बातमी घेऊन मी मुद्दाम मामांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "मामा, रोनाल्डिन्यो इलो परत. मुंबईक जावया?"

मामा पाइप कापत होते. मान वर न करता म्हणाले, "काफू येतलो काय ता विचार आधी."